पंप काढल्यावर स्टिअरिंग पुन्हा पुन्हा जड आणि ढिलं होतंय? जुन्या पिकअपसाठी समस्या निवारण

पॉवर स्टिअरिंगचा पंप फिरवणारा पट्टा कापून टाकला की पहिले दहा-पंधरा दिवस गाडी ठीक चालते. थोडी जड लागते, पण हाताला सवय होईल असं वाटतं. मग एके दिवशी लक्षात येतं की स्टिअरिंग चार बोटं फिरलं तरी चाक जागचं हलत नाही. उस्ताद (मेकॅनिक) स्टिअरिंग बॉक्सवरचा स्क्रू आवळून देतो. महिनाभरानं पुन्हा तेच, पुन्हा आवळणं. आता वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही, हातानं आणावं लागतं, आणि प्ले, म्हणजे स्टिअरिंगचा हा रिकामा फिरा, तर तसाच आहे.

आमच्या गाडीवर हे चक्र तीन वेळा फिरलं. इंदूरमध्ये आमचं मंडप-बिछायतीचं काम आहे. पाइप, पाटे, कनाती, सतरंज्या, कधी शंभर-दीडशे खुर्च्या, हे सगळं एका जुन्या डिझेल पिकअपवर चालतं. पुढे सरळ एक्सल आणि कमानीचे पाटे (लीफ स्प्रिंग), आणि चेसिसला बोल्टनं बसवलेला स्टिअरिंग बॉक्स, अशी गाडी आहे. कंपनी कुठली ते लिहीत नाही, कारण खाली जे सांगतोय ते अशा रचनेच्या बहुतेक जुन्या पिकअपना लागू पडतं. तुमच्या गाडीला बॉक्सऐवजी रॅक-पिनियन असेल तर बॉक्सबद्दलचा भाग सोडून द्या. तपासणी आणि पट्ट्याबद्दलचं मात्र जरूर वाचा.

सुरुवात होजपासून झाली. दीड वर्षात दोनदा पंपाकडून बॉक्सला तेल नेणारा प्रेशरचा पाइप फुटला. दुसऱ्यांदा फुटला तो खंडवा रोडवर, सिमरोलचा घाट चढताना, गाडीत लोखंडी पाइप भरलेले असताना. दादा चालवत होता. पॉवर गेली तरी स्टिअरिंग चाकांपासून तुटत नाही, जोड लोखंडाचाच असतो, म्हणून गाडी हातात राहिली. पण त्यानंतर दोन दिवस त्याचे खांदे भरून आले होते. गणपती तोंडावर, रामबागेतली तीन मंडळं आमच्या भरवशावर. उस्ताद म्हणाला, "भिया, पट्टा काट दो, बिना पावर के भी चलेगी." आम्ही कापला. तिथंच चुकलो.

आधी चाकं उचला

पंप काढायचा की नाही, बॉक्स बदलायचा की नाही, हे ठरवण्याआधी अर्ध्या तासाची एक तपासणी करा. आम्ही ती वर्षभर उशिरा केली.

इंजिन बंद. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड. पुढची दोन्ही चाकं उचलून एक्सलखाली घोड्या लावा. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालू नका. आता स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. चाकं हवेत असताना ते सहज फिरलं आणि जमिनीवर जड झालं, तर ओझं बहुतेक टायरचं, त्यातल्या हवेचं किंवा कॅस्टरचं (चाक ज्या पिनेवर वळतं तिच्या मागे-पुढे कलाचं) आहे, बॉक्सचा दोष नाही. हवेतसुद्धा जड असेल तर ड्रॅग लिंक (चाकाकडे जाणारा दांडा) ड्रॉप आर्मपासून (बॉक्सच्या दांड्यावर बसणारा हात) सोडवा. मग चाकं हातानं वळवून पाहा आणि स्टिअरिंग वेगळं फिरवून पाहा. दोन्हींपैकी जे अडखळतं, दोष त्या बाजूला.

आमच्याकडे स्टिअरिंग सुटं फिरत होतं. डावं चाक मात्र दोन्ही हातांनी ढकलावं लागत होतं. किंग पिन, म्हणजे चाक ज्या पिनेवर वळतं ती, काढली तेव्हा खालच्या, वजन पेलणाऱ्या थ्रस्ट बेअरिंगमध्ये ग्रीसचा थेंब नव्हता. माळव्याची काळी माती पावसात आत शिरते आणि उन्हाळ्यात वाळून विटेसारखी होते. बेअरिंगच्या गोळ्या गंजून जागेवर चिकटल्या होत्या आणि त्यांच्या खाली तबकडीवर नखाला लागतील असे खड्डे पडले होते. म्हणजे इतकी वर्षं आमचा पंप एका अडकलेल्या चाकाशी झगडत होता. चाक जितकं अडतं तितका पंप दाब वाढवतो. टायरमध्ये हवा असते ४०-६० पीएसआय. प्रेशरच्या होजमधला दाब जोर लागल्यावर १,००० पीएसआयच्या वर जातो. जुना रबर त्याला किती दिवस पुरणार? पाइप फुटण्याचं खरं कारण किंग पिनमध्ये होतं आणि आम्ही शिक्षा पंपाला दिली.

म्हणून माझं स्पष्ट मत: या तपासणीत किंग पिन सापडली, तर किंग पिन नीट करा, नवीन होज टाका आणि पॉवर स्टिअरिंग ठेवा. शहराच्या गल्लीबोळात रोज गाडी मागे-पुढे करावी लागत असेल तर नक्कीच ठेवा. मॅन्युअल, म्हणजे बिनापॉवरचं, करणं तेव्हाच परवडतं, जेव्हा पंप आणि बॉक्स दोन्ही खरोखर संपलेले आहेत, पार्ट मिळत नाहीत, आणि त्याच मॉडेलचा मॅन्युअल बॉक्स कंपनीनं काढलेला आहे. आमच्या बाबतीत पट्टा कापून वर्ष झालं होतं, पॉवरचा बॉक्स आतून कोरडा पडून खराब झाला होता, म्हणून पुढची वाट धरावी लागली.

पट्टा कापल्यावर प्ले कुठून येतो

हे कळलं नाही तर तुम्ही टाय रॉड एंड (दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याचे सांधे) बदलत राहाल. आम्ही दोन जोड्या बदलल्या.

पॉवरच्या बॉक्समध्ये स्टिअरिंगचा दांडा थेट वर्मला (बॉक्समधल्या पेचदार दांड्याला) घट्ट जोडलेला नसतो. मध्ये स्प्रिंगच्या पोलादाची एक बारीक कांडी असते, टॉर्शन बार. तुम्ही स्टिअरिंग फिरवलं की आधी ही कांडी थोडी पिळली जाते, त्या पिळानं व्हॉल्व्ह उघडतो, आणि पंपाचं तेल पिस्टनला ढकलतं. पंपच नसला तर ढकलणारं कोणी नाही. कांडी पिळत जाते, पिळत जाते, आणि शेवटी आतले लोखंडी अडथळे एकमेकांना टेकतात; तेव्हा कुठे चाक हलायला लागतं. हे दोन्ही बाजूंचे काही अंश मिळून स्टिअरिंगवर जो रिकामा फिरा दिसतो, तो झिजेचा प्ले नाही. बॉक्स नवा कोरा असला तरी तो दिसणार. आणि कांडी अशा रोजच्या जोरासाठी बनवलेली नाही, तरी तो अडथळ्यांपर्यंतचा धक्का तिला रोज शेकडो वेळा बसतो.

ओळखायचं कसं? इंजिन बंद ठेवून, चाकं जमिनीवर असताना स्टिअरिंग दोन बोटांनी डावी-उजवीकडे हलवा. झिजेचा प्ले रिकामा असतो: हात सहज सरकतो आणि मग टक्कन लागतं. कांडीचा प्ले रबरासारखा असतो: हात सरकतो पण मागे ओढला जातो, सोडलं की स्टिअरिंग थोडं परत येतं. आमचा रबरासारखा होता. मी स्वतः हात लावून बघितलं तेव्हा टाय रॉडच्या दोन जोड्यांचे पैसे कुठे गेले ते समजलं.

जड होण्याचं कारण तेल. पंप बंद असला तरी बॉक्समधला पिस्टन सरकतोच आणि पुढ्यातलं तेल ढकलतो. पाइप उघडे सोडले तर तेल बाहेर फेकलं जातं, त्याच्या जागी हवा आणि धूळ आत जाते, सील वाळतात, पिस्टन कोरडा घासतो. दोन्ही तोंडं बोल्ट लावून बंद केली तर तेलाला जायला जागाच उरत नाही आणि स्टिअरिंग दगडासारखं होतं. रस्त्यात अडकलात तर बॉक्सची प्रेशर आणि रिटर्न ही दोन तोंडं एकाच चांगल्या होजनं एकमेकांना जोडा, आत तेल भरा. मग तेल एका बाजूनं निघून दुसऱ्या बाजूला जातं आणि गाडी घरी येते. पण हे घरी येण्यापुरतंच. आमच्या उस्तादानं असाच लूप करून दिला आणि "अब कोई टेंशन नहीं" म्हणाला. सात महिन्यांनी वरच्या सीलमधून तेल दादाच्या पॅंटवर टपकत होतं.

एक चूक आणखी. पट्टा ठेवायचा आणि तेल काढून टाकायचं, असंही काहीजण करतात. पंपाला वंगण त्याच तेलाचं मिळतं. कोरडा पंप जाम होतो आणि पट्टा तोडतो.

बदलायचं तर संच बदला

मॅन्युअलला बॉक्स एकटा येत नाही. त्याच मॉडेलच्या मॅन्युअल गाडीचा बॉक्स, त्याच बॉक्सचा ड्रॉप आर्म, स्टिअरिंगच्या दांड्यापासून बॉक्सपर्यंतचा मधला शाफ्ट आणि त्याचा यूजे क्रॉस (वाकणारा सांधा), बॉक्सचे बोल्ट आणि पट्टी, आणि जमलं तर त्या गाडीचं स्टिअरिंग व्हीलसुद्धा, कारण मॅन्युअलचं व्हील बऱ्याचदा मोठं असतं आणि तेवढाच हाताला जोर मिळतो. छोटी ग्वालटोलीत पार्टच्या दुकानांतून हिंडून हे गोळा करायला आम्हाला तीन आठवडे लागले. शाफ्टचे दाते आणि जाडी पॉवरच्या आणि मॅन्युअलच्या बॉक्सला सारखी असेलच असं नाही. सारखी नसेल तर जुना शाफ्ट वेल्डिंग करून बसवून देतो म्हणणारा भेटेल. स्टिअरिंगच्या शाफ्टवर आणि ड्रॉप आर्मवर वेल्डिंग करू देऊ नका. तापवून वाकवूही देऊ नका. पोलादाचा कस जातो आणि तो तुटतो तेव्हा आधी काही सांगत नाही.

ड्रॉप आर्मची लांबीही बघा. जुना आणि नवा शेजारी ठेवून, भोकाच्या मध्यापासून भोकाच्या मध्यापर्यंत मापा. लांब आर्म लावला तर चाक जास्त वळतं, जोरही जास्त लागतो, आणि टोकाला टायर पाट्याला घासू शकतो.

मॅन्युअलच्या बॉक्समध्ये पॉवरचं लाल तेल घालू नका. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलंच घाला. बहुतेक वेळा ते ९० नंबरचं गिअर ऑइल असतं.

बॉक्स बसवल्यावर फेरे मोजा. आमचं पॉवरचं स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पावणेचार फेरे होतं, आता साडेपाच आहे. हा दोष नाही. जोर कमी लागावा म्हणून मॅन्युअलचा बॉक्स संथ ठेवलेला असतो. पण ड्रायव्हरला हे सांगून ठेवावं लागतं, कारण एकदम समोर कोणी आलं तर हात आता पूर्वीपेक्षा जास्त फिरवायचा आहे. आमच्या ड्रायव्हरकाकांना मी पहिले दोन दिवस बायपासवर रिकामी गाडी देऊन फिरायला लावलं, मगच गल्लीत पाठवलं.

बॉक्स नवा, तरी पुन्हा प्ले

आता खरी डोकेदुखी. मॅन्युअलचा बॉक्स बसला, गाडी हलकी झाली, आणि पाचव्या दिवशी सरळ रस्त्यावर ती पुन्हा इकडे-तिकडे जाऊ लागली. स्क्रू आवळला, ठीक. आठवड्यानं पुन्हा.

कारण ड्रॉप आर्म एक दात चुकून बसला होता. स्टिअरिंग बॉक्स मुद्दाम असा घडवलेला असतो की अगदी मध्यावर तो सगळ्यात घट्ट आणि दोन्ही टोकांकडे थोडा सैल. गाडी सरळ जाते तेव्हा बॉक्स मध्यावर हवा. आर्म एक दात बाजूला बसला की चाकं सरळ असताना बॉक्स आपल्या सैल भागात असतो. बसवणाऱ्याला स्टिअरिंग व्हील तिरकं दिसतं, म्हणून तो नट खोलून व्हीलच सरळ करून ठेवतो. दिसायला सगळं बरोबर, आत सगळं चुकलेलं. आमच्याकडे नेमकं हेच झालं होतं.

बरोबर पद्धत अशी. ड्रॅग लिंक सोडवा. स्टिअरिंग हळूच एका टोकाला न्या, जोरानं आदळू नका. तिथून दुसऱ्या टोकापर्यंतचे फेरे मोजा आणि बरोबर निम्मे परत या. हा बॉक्सचा मध्य. खडूनं खूण करा. चाकं सरळ करा. आर्म आणि दांड्यावर जुळणीच्या खुणा असतील तर त्या जुळवा. मग ड्रॅग लिंकचं टोक आर्मला न ओढता बसतं का पाहा. किंचित फरक असेल तर लिंकची लांबी तिच्या आट्यांवर जुळवा. व्हील सगळ्यात शेवटी. आर्म काढायला पुलर वापरा. हातोड्यानं ठोकलं तर धक्का थेट आतल्या बेअरिंगला बसतो.

आणि तो स्क्रू. तो लावायचा असेल तर बॉक्स मध्यावर आणि ड्रॅग लिंक सुटी असतानाच. पाव फेऱ्यापेक्षा जास्त एका वेळी नको, आणि दर वेळी टोकापासून टोकापर्यंत फिरवून बघा की मध्यावर अडकत नाहीये. लॉक नट आवळताना स्क्रू हातात धरून ठेवा, नाहीतर तोही फिरतो. जास्त आवळलेला बॉक्स वळणानंतर सरळ येत नाही आणि आतले गोळे झिजवतो. मग सहा महिन्यांनी खरोखरचा प्ले येतो, जो कुठल्याच स्क्रूनं जात नाही.

एवढं करूनही प्ले राहिला तर बॉक्सच्या बुडाशी बघा. एकाला आत बसवून स्टिअरिंग हलवायला सांगा आणि तुम्ही खालून बॉक्स आणि चेसिस यांच्या सांध्यावर बोट ठेवा. इंजिन बंदच हवं. डोळ्याला जे दिसत नाही ते बोटाला कळतं: आमच्या एका बोल्टाजवळ बॉक्स हलताना सांधा अगदी केसभर उघडत-मिटत होता. भोक लांबट झालं होतं. मॅन्युअलमध्ये रस्त्याचा धक्का मधे तेल नसल्यामुळे थेट बॉक्सवर आणि तिथून चेसिसवर येतो, म्हणून ढिला बोल्ट इथे लवकर भोक खातो. त्या जागी भेगा आहेत का हेही माती खरवडून, पुसून पाहा. तसंच पुढच्या पाट्यांचे यू-बोल्ट आणि पाट्याच्या टोकाच्या शॅकलचे बुश पाहा. ते सैल असतील तर एक्सलच सरकतो आणि तुम्ही दोष स्टिअरिंगला देता.

पट्टा आणि ब्रेक

पंप काढल्यावर पट्ट्याची वाट बदलते. पंप आणि अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) एकाच पट्ट्यावर असतील तर आखूड पट्टा लागतो. जो बसेल तो बसवून चालत नाही. बऱ्याच जुन्या डिझेल गाड्यांत ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या पाठीला जोडलेला असतो. पट्टा सैल पडून घसरला तर बॅटरीचा दिवा तर लागेलच, पण ब्रेकही कडक होतो. जड स्टिअरिंग आणि कडक ब्रेक दोन्ही एकत्र, भरलेली गाडी, घाटाचा उतार: हे होऊ देऊ नका. पट्टा लावल्यावर इंजिन चालू करून ब्रेक चार-पाच वेळा दाबा, नंतर दहा मिनिटांनी पुन्हा. पेडल तितकंच मऊ लागलं पाहिजे.

पंप इंजिनच्या गिअरवर चालणारा असेल तर तो काढल्यावर तिथं कंपनीची झाकणपट्टी आणि गॅस्केट लागतं, नाहीतर इंजिनचं तेल बाहेर येईल.

कागद

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मुळे कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल गाडीत मनानं करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये हे ठामपणे सांगितलं आहे. म्हणून काम काढण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे लेखी विचारा. त्याच मॉडेलचा कंपनीचा मॅन्युअल संच आहे हे बिलांसह दाखवता आलं पाहिजे. आम्ही बिलांची फाइल गाडीतच ठेवतो.

फिटनेसच्या वेळी प्ले बघतातच. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस लागतं, म्हणजे जुन्या पिकअपला दरवर्षी. केंद्रीय मोटार वाहन नियम ९८ प्रमाणे स्टिअरिंग व्हीलवरचा प्ले ३० अंशांपेक्षा जास्त चालत नाही, सगळ्या बॉल जॉइंटना रबरी टोप्या हव्यात, आणि बोल्ट-पिना लॉक केलेल्या हव्यात. ३० अंश घरी मोजायची सोपी रीत आहे. शिंप्याच्या टेपनं स्टिअरिंग व्हीलचा बाहेरचा घेर मोजा आणि १२ नं भागा. आमच्या व्हीलचा घेर १३२ सेंमी, म्हणजे मर्यादा ११ सेंमी. डॅशबोर्डवर एक काडी चिकटवा, चाक हलायला सुरुवात होते तिथे दोन्ही बाजूंना व्हीलवर खडूच्या खुणा करा, मधलं अंतर मोजा. पट्टा कापल्यानंतर आमचं अंतर ९ सेंमी होतं. कायद्यात बसत होतं, पण ११ पर्यंत चालतं म्हणून ९ वर गाडी भरायला मी कोणाला सांगणार नाही.

जड लागतंय, पण दोष नाही

टायरची हवा पुस्तिकेप्रमाणे, भरलेल्या गाडीची. पुढे रुंद टायर टाकले असतील तर मूळ मापावर या. अलाइनमेंट करताना कॅस्टर विचारा: कॅस्टर जास्त असला तर वळण संपताच स्टिअरिंग झटकन सरळ येतं, पण वळवताना त्याचा भार हातावर येतो. पॉवरच्या गाडीत हे पंप झाकतो, मॅन्युअलमध्ये झाकणारं कोणी नाही. मॅन्युअल मॉडेलचा आकडा वेगळा दिला असेल तर तोच लावून घ्या. किंग पिनला ग्रीस मारताना चाकं उचललेली हवीत. गाडीच्या वजनाखाली दाबलेल्या बेअरिंगमध्ये ग्रीस शिरत नाही, बाजूनं बाहेर येतं आणि काम झाल्यासारखं वाटतं.

उभ्या गाडीत स्टिअरिंग पिळू नका. गाडी वीतभर जरी सरकत असली तरी भार बराच कमी होतो. रामबागेच्या गल्लीत काका आता आधी गाडी हळूच सोडतात आणि मग वळवतात.

या महिन्याच्या पहिल्या रविवारी खडूच्या खुणांमध्ये साडेतीन सेंमी भरले. उजवीकडून सरळ येताना स्टिअरिंग अजून थोडं रेंगाळतं. उजवी किंग पिन आम्ही तेव्हा फक्त ग्रीस मारून सोडली होती. अनंत चतुर्दशीच्या झांक्या (चित्ररथांची मिरवणूक) झाल्या की ती खोलायची आहे.